तक्तेवाल्यांच्या मेंदूचं वय

बस डेपोत बासष्ट ड्रायव्हर होते, बासष्ट कंडक्टर होते, सत्तावीस मार्ग होते आणि या सगळ्यांची मोट बांधणारा एकच माणूस होता. त्याचं खरं नाव हजेरीपटावर असेल, पण ते कुणी वाचत नसे. सगळे त्याला तक्तेवाले म्हणत. नवीन लागलेल्यांना ते आडनावच वाटे. एकदा तर कुणीतरी आपल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका 'श्री. तक्तेवाले, सहकुटुंब' अशी पाठवली होती, आणि ते सहकुटुंब जाऊनही आले होते.

काम तसं सांगायला सोपं. दर आठवड्याला एका मोठ्या कागदावर पट्टीने रेघा मारायच्या, उभ्या ओळीत मार्ग, आडव्या ओळीत वार, आणि प्रत्येक चौकोनात एक ड्रायव्हर, एक कंडक्टर बसवायचा. पेन्सिलीने, कारण माणसं आजारी पडतात. या कामाला तक्तेवाल्यांना पूर्ण दोन दिवस लागत. बघणाऱ्याला वाटे, हा माणूस नुसता खिडकीबाहेर बघतोय. मध्येच एक नाव लिहायचा, मान हलवायचा, खोडायचा, पुन्हा खिडकीबाहेर. सव्वीस वर्षांत त्यांनी जितका खोडरबर झिजवला, तितका अख्ख्या एखाद्या शाळेनेही झिजवला नसेल.

आणि सव्वीस वर्षांत चूक एकच झाली. पण ती झाली नव्या मॅनेजरसाहेबांच्या पहिल्याच महिन्यात. एका मंगळवारी सकाळी सात वाजता तक्तेवाल्यांनी एकाच ड्रायव्हरला दोन गाड्यांवर बसवलं. ड्रायव्हर बिचारा दोन्ही गाड्यांच्या मध्ये उभा राहून विचारत होता, "आधी कुठली नेऊ?"

मॅनेजरसाहेबांचं वय चौतीस. माणूस वाईट नव्हता, पण त्याला आलेखांचं वेड होतं. टेबलाच्या काचेखाली लोक देवाचे, मुलाबाळांचे फोटो ठेवतात, यांनी डिझेलच्या वापराचा आलेख ठेवला होता. त्यांनी तक्तेवाल्यांना बोलावलं, खुर्ची दिली, पाणी विचारलं. एवढा मान मिळाला तेव्हाच तक्तेवाल्यांनी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

"काका, तुमचं वय काय?"

"छप्पन."

"दोन वर्षं राहिली म्हणायची. कसंय काका, मेंदूचं काम आहे हे. मेंदूपण दमतो. आपण तीन महिने बघू. पुन्हा असं झालं तर तक्ता कॉम्प्युटर करेल, आणि तुम्ही आरामात हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसा."

हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत एक टेबल होतं, एक टाईमपीस होतं आणि एकशे चाळीस छत्र्या होत्या. डेपोत ज्याला कुठेच बसवता येत नाही त्याला तिथे बसवत. तिथून आजवर छत्र्या परत गेल्या होत्या, माणूस एकही परत आला नव्हता.

घरी येऊन ते काही बोलले नाहीत, पण बायकोने चपला काढण्याच्या पद्धतीवरूनच ओळखलं आणि अर्ध्या तासात सगळं काढून घेतलं. तिने लेकीला फोन लावला. लेक रविवारी आली ती हातात एक छोटं यंत्र घेऊन. पुस्तकासारखं उघडणारं, दोन पडद्यांचं, सोबत टोचायला एक प्लास्टिकची काडी.

"बाबा, हा मेंदूचा व्यायाम आहे. रोज पंधरा मिनिटं. गणितं, कोडी, आकड्यांचे चौकोन. शेवटी तो तुमच्या मेंदूचं वय सांगतो."

"मेंदूचं वय वेगळं असतं?"

"असतं. वीस सगळ्यात चांगलं."

तक्तेवाल्यांनी चष्मा पुसला आणि बसले. पडद्यावर निळ्या शाईत 'लाल' असं लिहून यायचं आणि यंत्र विचारायचं, रंग कुठला? तक्तेवाले म्हणाले, "लाल." यंत्र नाराज झालं. मग पिवळ्या शाईत 'काळा'. तक्तेवाले थांबले, विचार केला, आणि म्हणाले, "कुणी छापलंय हे?" मग एका घराचं चित्र आलं. त्यात पाच माणसं शिरली, दोन बाहेर पडली, एक धुराड्यातून आत उतरला. आत किती? तक्तेवाल्यांना तो धुराड्यातून का गेला हेच समजेना, तोवर वेळ संपली.

निकाल आला. मेंदूचं वय एकोणऐंशी.

बायको म्हणाली, "मी तीस वर्षं सांगत होते. यंत्राने फक्त लिहून दिलं."

"तू करून बघ!"

तिने हात पदराला पुसले, उभ्या उभ्या यंत्र घेतलं, मध्येच गॅस बारीक करून आली, आणि तिचं वय निघालं चौतीस. तिने यंत्र परत दिलं आणि पुन्हा कधी त्याला हात लावला नाही. ज्याला पैकीच्या पैकी मिळतात तो दुसऱ्यांदा परीक्षेला बसत नाही.

तक्तेवाले मात्र इरेला पेटले. एकोणऐंशी हा आकडा त्यांना काट्यासारखा सलत होता. पंधरा मिनिटांची चाळीस झाली, चाळीसचा दीड तास. जेवताना डाव्या हाताने गणितं चालली. न्हाणीघरातून "निळा! हिरवा! निळा म्हणतोय ना!" असा आरडाओरडा ऐकून शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, रंगकाम काढलंय का? यंत्रातला एक बुटका प्रोफेसर रोज शिक्का मारायचा आणि म्हणायचा, 'शाबास! काल आपण आला नसतात तर मला वाईट वाटलं असतं.' सव्वीस वर्षांच्या नोकरीत तक्तेवाल्यांना कुणी शाबास म्हटलं नव्हतं. तक्ता बरोबर असला की कुणी त्याच्याकडे बघतच नाही. खरी मेख इथे होती. इथे उत्तर दिलं की लगेच टिंग वाजायचं आणि हिरवी खूण यायची. डेपोत उत्तर बरोबर आहे हे कळायला गुरुवार उजाडावा लागे, तोही कुणी भांडायला आलं नाही तरच.

वय उतरत गेलं. एकसष्ट. बावन्न. चव्वेचाळीस. आकड्यांचे चौकोन तर त्यांना इतके जमू लागले की अवघडातलं अवघड कोडं ते सहा मिनिटांत सोडवत. कुठल्या ओळीत कुठला आकडा नाही, हे बघायचं, दुसऱ्या कशाचा विचार करायचा नाही. सात या आकड्याला कधी ताप येत नाही, आणि तीनला नऊच्या शेजारी बसायला काही हरकत नसते.

यंत्र डेपोत आलं तेव्हा तर जत्रा भरली. प्रत्येकाला आपल्या मेंदूचं वय हवं होतं. मामा म्हणून सगळे ज्यांना हाक मारत ते सर्वात जुने ड्रायव्हर सत्तरवर गेले आणि म्हणाले, "चला, मेंदू निवृत्त झाला, आता मीच राहिलो." गाड्या धुणारी बाई सत्तावीसवर गेली, तेव्हापासून ती कुणाचं ऐकेना. खुद्द मॅनेजरसाहेबांनीही दार लावून घेऊन खेळून पाहिलं. बावन्न निघाले. त्यांनी यंत्र उलटंपालटं करून परत दिलं. "सेल उतरलेत बहुतेक."

"हो साहेब, उतरलेत," तक्तेवाले म्हणाले. सेल आदल्याच दिवशी घातलेले होते.

दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस तक्तेवाल्यांच्या मेंदूचं वय अठ्ठावीस झालं. म्हणजे तो आता मॅनेजरसाहेबांपेक्षा सहा वर्षांनी, आणि त्यांच्या मेंदूपेक्षा चोवीस वर्षांनी लहान होता. त्या आठवड्याचा तक्ता करायला बसले तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर पाहिलंच नाही. रेघा मारल्या. कुठल्याही आडव्या ओळीत जोडी पुन्हा यायची नाही, कुठल्याही उभ्या ओळीत माणूस पुन्हा यायचा नाही. लांबचे, जवळचे, गर्दीचे, रिकामे, सगळे मार्ग सगळ्यांना सारखे. हात झपाझप चालला. दोन दिवसांचं काम पन्नास मिनिटांत उरकलं, आणि तेही पेनाने. शेवटचा चौकोन भरला तेव्हा त्यांचे कान नकळत टिंग वाजण्याची वाट बघत होते.

मॅनेजरसाहेबांनी तक्ता पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. "काका! कुणाला झुकतं माप नाही, कुणावर अन्याय नाही! हे विज्ञान आहे!" त्यांनी तो नोटीस बोर्डाच्या काचेत लावायला सांगितला, फोटो काढला आणि मुख्य कार्यालयाला पाठवून दिला. सोबत दोन आलेख जोडले.

सोमवार उजाडला.

पहिली गाडी उत्तरेच्या नाक्यावर चाळीस मिनिटं उभी राहिली. तिचा ड्रायव्हर आणि कंडक्टर सख्खे साडू होते. सासऱ्यांच्या मनगटी घड्याळावरून त्यांचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. कंडक्टरने दोन घंटा दिल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि घंटा देणं म्हणजे आपण होऊन बोलल्यासारखंच, असं धाकट्या साडूचं म्हणणं. थोरला मान वळवून 'काय रे, निघायचं का?' विचारेल तर शपथ. प्रवासी आधी ओरडले, मग विनवण्या केल्या. शेवटी एका आजोबांनी काठीने दोरी ओढून स्वतःच दोन घंटा दिल्या, तेव्हा गाडी निघाली.

दुसऱ्या गाडीवरचा ड्रायव्हर डाव्या कानाने जरा कमी ऐकायचा. त्याच्यासोबत कायम तो शिट्टीवाला कंडक्टर असे, ज्याच्या शिट्टीने कुत्री पळत. आज त्याच्यासोबत होती एक कंडक्टरबाई, जी झोपलेल्या बाळाला उठवावं तशी घंटा वाजवायची. गाडीने चार थांबे गाळले. ज्यांना भाजीबाजारात उतरायचं होतं ते स्मशानाच्या थांब्यापर्यंत गेले, आणि तिथून रिकाम्या पिशव्या घेऊन चालत आले. असं दिवसभर चाललं. तक्त्यातला एकही चौकोन चुकला नव्हता, आणि एकही गाडी वेळेवर नव्हती.

मॅनेजरसाहेबांनी लगेच कारण शोधलं. "तक्ता बरोबर आहे," ते म्हणाले, "माणसं जुन्या सवयीची आहेत." आणि त्यांनी एका दिवसात अकरा जणांना खुलासा मागणाऱ्या चिठ्ठ्या दिल्या. फोटो मुख्य कार्यालयात पोचला होता, आता तक्ता चुकून चालणार नव्हतं.

ड्रायव्हर-कंडक्टर तक्तेवाल्यांच्या खोलीत घुसले. "काय हो, डोकं ठिकाणावर आहे ना?" "अठ्ठावीस वर्षांचं झालंय म्हणे! म्हणूनच. लग्नाचं बघा आता त्याचं!" "माझ्या पुढ्यात साडू बसवलात? माझ्या? तुम्हाला माहीत नव्हतं?"

तक्तेवाले म्हणाले, "नियमात बसतं."

"नियमात बसतं, पण गाडीत बसत नाही!"

ओरडून ओरडून सगळे गेले. मामा मात्र आलेच नाहीत. ते संध्याकाळी आले, खोली रिकामी झाल्यावर. दार अर्धवट लोटलं, आणि खुर्चीत न बसता उभेच राहिले.

"मला आज दोन तासांची न थांबणारी दिलीत."

तक्तेवाल्यांच्या हातातली प्लास्टिकची काडी तशीच राहिली. मामांचं एक दुखणं होतं. त्यांना दर पाऊण तासाला उतरावं लागे. चार वर्षांपूर्वी हे त्यांनी एकट्या तक्तेवाल्यांना सांगितलं होतं, इथेच, असंच दार लोटून. डॉक्टरचा कागद दिला असता तर त्यांना गाडीवरून उतरवलं असतं. तेव्हापासून मामांच्या वाट्याला फक्त जवळचे मार्ग येत, आणि बाकीच्यांना वाटे म्हाताऱ्याचा वशिला आहे.

"मग?" तक्तेवाल्यांनी विचारलं.

"मग काय. शेताच्या कडेला गाडी लावली. चाक तपासतो म्हटलं. दुसऱ्यांदा पुन्हा चाक तपासलं. परतताना तिसऱ्यांदा तपासलं तेव्हा मागून एक पोरगी हसली." मामांनी टोपी काढली, परत घातली. "मी भांडायला नाही आलो. तुमचीपण अडचण कळते. खुर्चीचं काय चाललंय ते अख्ख्या डेपोला माहीत आहे. फक्त म्हटलं, तुम्ही विसरलात की कसं, तेवढं विचारावं."

विसरलो असतो तर बरं झालं असतं, असं तक्तेवाल्यांना वाटलं. ते विसरले नव्हते. त्यांना आठवायला वेळच मिळाला नव्हता, कारण त्यांनी वेळच दिला नव्हता. पन्नास मिनिटांत झालं होतं सगळं.

मामा गेल्यावर ते खिडकीबाहेर बघत बसले. साहेबांना जाऊन सांगावं की तक्ता चुकला, तर तीन महिन्यांच्या आत दुसरी चूक, आणि समोर छत्र्या. शिवाय का चुकला ते सांगायचं तर मामांचं नाव घ्यावं लागणार. आणि न सांगावं, तर उद्या पुन्हा चाक तपासणं. हे कोडं कुठल्याच चौकोनात बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीपेक्षा दोन तास आधी आले. एका जुन्या पोस्टरच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीने रेघा मारल्या. साडूंना दोन टोकांना पाठवलं. कानवाल्याला शिट्टी परत दिली. मामांना जवळचा मार्ग. खोडलं, लिहिलं, खोडलं. मग घडी करून तो कागद प्रथमोपचाराच्या पेटीत ठेवला. ती पेटी त्यांच्याच खोलीच्या भिंतीवर होती आणि अकरा वर्षांत तिला कुणी हात लावला नव्हता.

काचेतला तक्ता काचेतच राहिला. तो साहेबांचा. पेटीतला गाड्यांचा. ड्रायव्हरने सकाळी यायचं, "बोटाला लागलंय जरा" म्हणायचं, पेटी उघडायची, आपलं नाव बघायचं आणि निघायचं. दोन दिवसांत गाड्या वेळेवर आल्या. आठवड्यात डेपो पहिल्या क्रमांकावर गेला. मॅनेजरसाहेबांनी आलेख काढला, वर चढणारा, आणि काचेखालच्या डिझेलच्या जागी तो ठेवला.

एकच गोष्ट त्यांना खटकत होती. "काका, रोज सकाळी शंभरच्यावर लोक जखमी कसे होतात?"

"दगदगीचं काम आहे साहेब."

"आणि कुणाला पट्टी बांधलेली दिसत नाही."

"जखमा लगेच बऱ्या होतात."

साहेबांनी सुरक्षिततेवर तासभराचं व्याख्यान ठेवलं. बासष्ट ड्रायव्हर गंभीर चेहऱ्याने ऐकत बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे जखमी.

तिसरा महिना संपायला दोन दिवस होते. मॅनेजरसाहेब तक्तेवाल्यांच्या खोलीत आले ते थेट पेटीकडे गेले. "औषधं संपली असतील, मागवून घेतो," म्हणत त्यांनी झाकण उघडलं. आत कापसाची पिवळी पडलेली गुंडाळी होती, आयोडीनची सुकलेली बाटली होती, आणि घडी घातलेलं पोस्टर.

त्यांनी ते उलगडलं. तक्तेवाले उभे राहिले. का उभे राहिले ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

साहेब वाचत राहिले. बोट ओळीवरून ओळीवर गेलं. आजचा वार, आजच्या गाड्या. खिडकीतून समोरच एक गाडी सुटत होती, तिच्यावर कोण आहे ते त्यांनी पाहिलं, पुन्हा कागदात पाहिलं.

"हा चालू आहे?"

"हो."

"आणि काचेतला?"

"तो काचेत आहे साहेब."

"कधीपासून?"

"पहिल्या मंगळवारपासून."

साहेब खुर्चीत बसले. वर चढणारा आलेख त्यांच्या डोळ्यांपुढे आला असावा, कारण त्यांनी एकदा वर पाहिलं आणि हळूहळू खाली. मग कागदावर बोट ठेवलं. "हे मामा. कायम जवळचीच गाडी. का?"

"ते सांगता येणार नाही साहेब."

"नोंद कुठे आहे?"

"कुठेच नाही."

"काका, मी आत्ताच्या आत्ता तुम्हाला त्या खोलीत बसवू शकतो."

"बसवा." तक्तेवाल्यांनी शब्द परत घेतला नाही. "पण मामांचं विचारू नका."

बाहेर कुणीतरी खोकलं. दारात एक कंडक्टर बोट धरून उभा होता, आत साहेबांना बघताच त्याची जखम बरी झाली आणि तो निघून गेला.

"परवा मुख्य कार्यालयाचे सहा लोक येतायत," साहेब शेवटी म्हणाले. "तक्ता बघायला. आपल्यामुळे सगळ्या डेपोंत ती मेंदूची यंत्रं घेतायत. आदेश निघालाय." त्यांनी पोस्टरची घडी घातली, आधी होती तशीच, घडीवर घडी. पेटीत ठेवली. झाकण लावलं. "या पेटीला कुलूप लावा. आणि किल्ली तुमच्याकडेच असू दे. शंभर लोक रोज उघडतात, बरं दिसत नाही. तुम्हीच तोंडी सांगत जा."

"हो साहेब."

"आणि कापूस मागवा. कुणी बघितलंच तर कापूस दिसला पाहिजे."

संध्याकाळी तक्तेवाल्यांना पत्र मिळालं. 'नियमित मेंदू-व्यायामामुळे कामात झालेली उल्लेखनीय सुधारणा लक्षात घेता' त्यांना निवृत्तीपर्यंत त्याच जागी ठेवण्यात येत होतं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि सही करून पोच दिली. उजवीकडे कुणीतरी आलेखही जोडला होता.

बुधवारी सहा पाहुणे आले. त्यांना काचेतला तक्ता दाखवण्यात आला. त्यांनी जवळ जाऊन पाहिला, लांब जाऊन पाहिला. मग तक्तेवाल्यांना खुर्चीत बसवून सर्वात अवघड कोडं सोडवायला सांगितलं. गेला महिनाभर त्यांनी यंत्राला हात लावला नव्हता, पण हात तयार होता. चार मिनिटं वीस सेकंद. टिंग वाजलं. सहाही जणांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यापैकी एकाने विचारलं, "या खेळाचा तुम्हाला नेमका काय फायदा झाला?"

तक्तेवाल्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते.

"नोकरी राहिली," तक्तेवाले म्हणाले.

पाहुणे मनापासून हसले, एकाने ते लिहूनही घेतलं. मग चहा आला, आणि तक्तेवाले घड्याळात बघून उठले. पाच मिनिटांची परवानगी मागून ते अंगणात गेले. तिथे दुपारपाळीचे लोक रांग लावून उभे होते, आणि त्यातल्या प्रत्येकाला कुणाबरोबर जायचं ते कानात सांगायचं होतं. त्यातल्या एकाच्या उजव्या कानात.